भंडारा की गुलाल? खंडोबा आणि जोतिबा

नवरात्राआधी देव उजळायला काढले की आमच्या घरी दर वर्षी तोच वाद. चिंचेनं घासून लख्ख झालेल्या टाकांमधून, म्हणजे देवांच्या आकृत्या उठवलेल्या धातूच्या छोट्या पत्र्यांमधून, एक घोडेस्वार निघतो, हातात तलवार. आजी म्हणायची खंडोबा, मोठे काका म्हणतात जोतिबा. शेवटी टाक घडवणाऱ्या सोनारानं विचारलं, ‘घोड्यावर सोबत बाई आहे का? आणि खाली कुत्रं?’ दोन्ही होतं. म्हणजे खंडोबा.

घोळ आमच्याच घरात होतो असं नाही. जोतिबाच्या फोटोखाली ‘यळकोट यळकोट जय मल्हार’ लिहिलेलं मोबाइलवर कितीतरी वेळा येतं. दोघंही शिवाच्या, भैरवाच्या अंगाने पुजले जाणारे, दोघांचं वाहन घोडा, दोघांनी दैत्य मारले, दोघांचा वार रविवार, दोघांवर खोबरं उधळतात. चुकणारच माणूस.

पटकन ओळखायचं तर रंग पाहा. जेजुरी पिवळी, कारण तिथे भंडारा, म्हणजे हळद. कोल्हापूरजवळची वाडी रत्नागिरी गुलाबी, कारण तिथे गुलाल. जेजुरीत ‘सदानंदाचा यळकोट’, वाडीत ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’. ‘यळकोट’चा अर्थ कन्नडमधून लावतात: एळु कोटि, सात कोटी, म्हणजे मार्तंडभैरवाचं, खंडोबाचंच, सैन्य. खंडोबा कर्नाटकातही मैलार म्हणून नांदतो, तेव्हा आरोळीत कन्नड ऐकू आली तर नवल नाही.

पण रंग हा वरचा फरक झाला. खरा फरक घरातला आहे. खंडोबा पक्का संसारी. मणी आणि मल्ल या दैत्यांनी ऋषींना छळलं, म्हणून शंकरानं मार्तंडभैरवाचं रूप घेतलं. सहा दिवसांच्या लढाईत मणी शरण आला, मल्ल मारला गेला, म्हणून हा मल्हारी. घोडा मणीनेच दिला म्हणतात. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षड्‌रात्र बसतं आणि चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत-रोडग्याच्या नैवेद्यानं उठतं. चातुर्मासात सोडलेलं कांदा-वांगं त्या दिवशी पुन्हा ताटात येतं, त्यामुळे ज्यांना मणी-मल्ल ठाऊक नाहीत त्यांनाही चंपाषष्ठी पक्की ठाऊक असते.

लोकांनी मात्र गाणी रचली ती लढाईपेक्षा संसारावर. म्हाळसा नेवाशाच्या वाण्याची लेक; तिच्याशी लग्न लागलं ते कऱ्हाडजवळच्या पालीला, आणि पौषातल्या पालीच्या यात्रेत ते आजही लागतं. दुसरी बाणाई धनगराची. तिच्यासाठी हा देव धनगराघरी मेंढ्या राखायला चाकर राहिला. जेजुरीच्या गडावर म्हाळसा वर देवाशेजारी आणि बाणाईचं देऊळ अर्ध्या वाटेवर. सवतींचं भांडण गाणारे वाघ्या-मुरळी, म्हणजे खंडोबाला वाहिलेले गाणारे-नाचणारे भक्त, जागरणात रात्र जागवतात तेव्हा वाणी, धनगर सगळेच ‘आपल्या घरचं’ म्हणून ऐकतात. एकाच देवाच्या दारात इतक्या जातींना सोयरीक कशी सापडते, याचं उत्तर मला पोथीपेक्षा या भांडणात जास्त दिसतं.

जोतिबाच्या कथेत लग्नच नाही. तो आला तो मदतीला. दक्षिणेत दैत्य माजले, करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, अंबाबाईनं धावा केला आणि केदारनाथ, म्हणजे हाच जोतिबा, हिमालयातून उतरला. रत्नासुराला मारलं, म्हणून डोंगराचं नाव रत्नागिरी. काम झाल्यावर परत निघालेल्या देवाला अंबाबाईनं थांबवून घेतलं. तो इथेच राहिला आणि ‘दख्खनचा राजा’ झाला. गाभाऱ्यातली मूर्ती चतुर्भुज आहे आणि उभी: खड्ग, त्रिशूळ, डमरू, अमृतपात्र. नाती आहेत ती देवींशी, पण बायको म्हणून नव्हे. त्यानं ‘ये माई’ अशी हाक दिली म्हणून ती यमाई, असं सांगतात. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत पालखी यमाईच्या देवळाकडे जाते, आणि तिथे लग्न लागतं ते यमाईचं, जमदग्नीशी. जोतिबा वऱ्हाडी!

त्या यात्रेचं खरं दर्शन म्हणजे सासनकाठ्या. गावोगावचे लोक रंगीत कापडं गुंडाळलेले उंचच उंच बांबू दोरांनी तोलत, नाचवत डोंगर चढतात. पहिला मान निनाम पाडळीच्या काठीचा. वर वासाला दवणा. जेजुरीतलं तोलायचं काम निराळं: दसऱ्याला सुमारे ४२ किलोचा खंडा, म्हणजे देवाची तलवार, एका हातानं धरायचा, दातांनी उचलायचा.

सरदारांनीही देव वाटून घेतले होते जणू. होळकरांचा खंडोबा, मल्हारराव आणि खंडेराव ही नावंच बोलतात, आणि गडावरच्या दगडी बांधकामात त्या घराण्याचा मोठा हात. शिंद्यांचा जोतिबा, आजचं देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधल्याचं सांगतात, त्यांच्या एका मुलाचं नाव जोतिबाच. १८२७ साली जन्मलेल्या जोतीराव फुल्यांचं नावही या देवावरून आलेलं. त्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) खंडोबा आणि जोतिबा दोघांनाही बळीराजाच्या पदरी बसवलं. म्हणजे दोघांना एकत्र आणणारे आम्ही पहिले नव्हे, फक्त त्यांनी ते समजून-उमजून केलं.

आता लग्नघरातली गल्लत. जागरण खंडोबाचं, गोंधळ देवीचा. ‘जागरण-गोंधळ’ असं एका दमात म्हणतो म्हणून तो एकच विधी होत नाही. जागरणाला वाघ्या-मुरळी लागतात, गोंधळाला गोंधळी. जोतिबाचं कुळ असलेल्या घरात नवं जोडपं वाडी रत्नागिरीला जातं. खंडोबाचं असेल तर जेजुरीला, आणि नवरा नवरीला उचलून निदान पाच पायऱ्या तरी चढतो.

सोनाराचा निकाल काकांना सांगितला. टाक हातात घेऊन त्यांनी म्हाळसेकडे नीट पाहिलं. ‘असेल खंडोबा,’ म्हणाले, ‘पण चैत्रातली गाडी सांगून ठेवलीय, ती काही रद्द करायची नाही.’