दंतभय आणि चिंताशामक औषधे

दंतभय आणि चिंताशामक औषधे : दंतोपचाराच्या धास्तीने खुर्चीपर्यंत पोचूच न शकणाऱ्या, किंवा पोचूनही तोंड उघडू न शकणाऱ्या रुग्णाला उपचाराआधी मन शांत करणारे औषध देण्याची पद्धत. यासाठी मुख्यतः बेंझोडायझेपीन गटातील औषधे वापरतात : डायझेपाम, लोराझेपाम, अल्प्राझोलाम, टेमाझेपाम, ट्रायझोलाम आणि मिडाझोलाम. रुग्ण जागा असतो, हाक मारली की ओ देतो, स्वतःचा श्वास स्वतः घेतो. म्हणून ही गुंगी संपूर्ण भुलीहून वेगळी मानतात. हिरडीत सुईने दिलेल्या भुलीचे कामही ती करीत नाही. गोळीने धास्ती उतरते, दुखणे थांबत नाही. दाढ बधिर करावीच लागते.

दंतभय म्हणजे भित्रेपणा नव्हे. लहानपणी हातपाय धरून काढलेला दात, रडल्यावर मिळालेला दम, यंत्राचा चिरका आवाज, दवाखान्याच्या दारातच येणारा लवंगेच्या तेलाचा वास आणि आडवे पडून आपले तोंड दुसऱ्याच्या हाती देण्याची अगतिकता, यांतून ते घडत जाते. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे उल्फ बेर्यग्रेन व सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात त्याचे दुष्टचक्र मांडले : भीतीमुळे टाळाटाळ, टाळाटाळीमुळे कीड खोलवर, खराब दातांची लाज, आणि त्या लाजेने आणखी टाळाटाळ. शेवटी रुग्ण येतो तो सुजलेला गाल धरून, म्हणजे नेमका सर्वांत अवघड उपचार लागतो तेव्हा. जेरी केंट यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेले निरीक्षण पुढील विवेचनाला उपयोगी आहे. चिंताग्रस्त रुग्णांना तीन महिन्यांनी आठवणारी वेदना ही प्रत्यक्ष भोगलेल्या वेदनेपेक्षा आधी धरून चाललेल्या वेदनेच्या अधिक जवळ जाते, असे त्यांना आढळले. म्हणजे उपचार बरा झाला तरी भित्र्या मनात त्याची नोंद बरी होतेच असे नाही.

भीती मोजण्यासाठी नॉर्मन कोरा यांची १९६९ची प्रश्नावली रूढ आहे. तिच्यात चारच प्रश्न आहेत : उद्या दंतवैद्याकडे जायचे आहे तर कसे वाटेल, बाहेर बसून वाट पाहताना कसे वाटते, खुर्चीत बसल्यावर यंत्राची तयारी चालू असताना, आणि दात साफ करण्याची हत्यारे बाहेर काढली जात असताना. गुण ४ ते २०. १५ वा अधिक गुण म्हणजे तीव्र चिंता. यात सुईचा प्रश्नच नव्हता, ही उणीव १९९५ मध्ये जेरी हम्फ्रिस व सहकाऱ्यांनी पाचवा प्रश्न घालून भरून काढली. सुधारित प्रश्नावलीत गुण २५ पर्यंत जातात आणि १९ पासून पुढे विकृत भय समजतात.

इतिहास : प्राचीन दाखला म्हणून सुश्रुतसंहितेचे नाव घेतले जाते. ग्रंथाचा काळ वादग्रस्त आहे. गाभा जुना आणि आजचे रूप इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आलेले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सूत्रस्थान या भागाच्या १७ व्या अध्यायात शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला जेवू घालावे आणि मद्य पिणाऱ्या ‘वेदनासह’ रुग्णाला तीक्ष्ण मद्य पाजावे, असे म्हटले आहे. हा समास संधीमुळे दोन प्रकारे फोडता येतो : वेदना सोसणारा, किंवा ‘असह’ धरून वेदना न सोसणारा. मत्त माणसाला शस्त्र कळत नाही, हे लगेच पुढे आलेले कारण पाहता दुसराच अर्थ जुळतो. परंतु त्याच स्थानाच्या ५ व्या अध्यायात मूढगर्भ (अडलेला गर्भ), अश्मरी (मुतखडा), भगंदर इत्यादींबरोबर मुखरोगांचेही शस्त्रकर्म रुग्ण उपाशी असताना करावे, असा अपवाद आहे. तेव्हा दातांच्या कामाआधी सुश्रुत मद्य देववीत असे, हे सरसकट विधान जपूनच करावे. शिवाय तेथे हेतू वेदना न कळण्याचा आहे, भीती घालविण्याचा नाही. चिंताशामकांचा उगम तेथे शोधणे ताणल्यासारखे होते.

आधुनिक काळातील आरंभाबाबतही एकमत नाही. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८०० मध्ये नायट्रस ऑक्साइड (हसविणारा वायू) हुंगल्यावर आपल्या सुजलेल्या हिरडीची वेदना कमी झाल्याचे नोंदविले. पण त्याचा वैद्यकीय उपयोग चार दशके कोणी केला नाही. १० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे गार्डनर कोल्टन यांनी या वायूचा करमणुकीचा प्रयोग लावला होता. वायू हुंगलेल्या एका तरुणाच्या पायाला जबर लागले, तरी त्याला ते कळले नाही, हे प्रेक्षकांतील दंतवैद्य होरेस वेल्स यांनी टिपले. दुसऱ्याच दिवशी कोल्टन यांच्याकडून वायू घेऊन त्यांनी आपली स्वतःची दाढ दंतवैद्य जॉन रिग्ज यांच्याकडून काढून घेतली. जानेवारी १८४५ मधील त्यांचे बॉस्टनचे जाहीर प्रात्यक्षिक फसले आणि श्रेय १८४६ मध्ये ईथर वापरणाऱ्या विल्यम मॉर्टन यांच्याकडे गेले. शुद्धिहरणाचा जनक कोण, हा वाद येथून सुरू होतो. प्रस्तुत विषयापुरते पाहिले तर वेल्स आणि मॉर्टन या दोघांनाही शुद्ध हरपायला हवी होती. शुद्ध ठेवून धास्ती तेवढी उतरविणे ही कल्पना त्यांची नव्हे.

ती स्पष्टपणे दिसते ती नील्स योर्गेनसेन यांच्या कामात. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथे १९४५ पासून ते पेंटोबार्बिटाल, पेथिडीन आणि स्कोपोलामीन ही गुंगी आणणारी व वेदनाशामक औषधे शिरेतून थोडे थोडे देत आणि रुग्ण सैलावला की थांबत. ‘थोडे द्या, पाहा, मग ठरवा’ हा आजच्या पद्धतीचा कणा तेथला, म्हणून आरंभाचा मान योर्गेनसेन यांना देणेच योग्य ठरते. ब्रिटनमध्ये स्टॅनली ड्रमंड-जॅक्सन यांनी मेथोहेक्सिटोन हे भुलीचे औषध शिरेतून अधूनमधून देण्याची रीत लोकप्रिय केली. ती खरोखर हलकी गुंगी की नकळत दिलेली संपूर्ण भूल, यावर १९६९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रतिकूल लेख आला आणि प्रकरण अब्रुनुकसानीच्या दाव्यापर्यंत गेले. हा प्रश्न अवाजवी नव्हता. पुढे दंतोपचारातील भुलीविषयीच्या १९९०च्या पॉस्विलो अहवालाने दंत-दवाखान्यातील संपूर्ण भुलीवर कडक अटी सुचविल्या आणि २००१ अखेर ब्रिटनमधील सामान्य दंत-दवाखान्यांतून ती बंद झाली. मग अशा दवाखान्यांत भित्र्या रुग्णांसाठी जागेपणीची गुंगी हाच मार्ग उरला.

औषधे आणि त्यांचे कार्य : पहिले बेंझोडायझेपीन, क्लोरडायझेपॉक्साइड, हॉफमन-ला रोश कंपनीच्या न्यू जर्सीतील प्रयोगशाळेत लिओ स्टर्नबाख यांनी बनविले. त्याचे संश्लेषण १९५०च्या दशकाच्या मध्यास झाले असावे. पण बाटली फळीवर पडून राहिली आणि आवराआवर करताना सापडलेल्या त्या पदार्थाची चाचणी १९५७ मध्ये झाली. शोधाचे वर्ष वेगवेगळे दिले जाते ते यामुळे. क्लोरडायझेपॉक्साइड १९६० मध्ये आणि डायझेपाम १९६३ मध्ये बाजारात आले.

मेंदूतील गॅबा हे रसायन चेतापेशींना आवर घालते. बेंझोडायझेपीन गॅबाच्या ग्राहीवर (पेशीवरील गॅबा जेथे बसते त्या रेणूवर) शेजारच्या जागी बसते आणि पेशीला शांत करणाऱ्या क्लोराइडची आत जाण्याची वाट अधिक वेळा उघडावयास लावते. ते स्वतः वाट उघडीत नाही, गॅबाचा हात बळकट करते. म्हणून एकटे घेतल्यास बार्बिट्युरेट गटातील जुन्या गुंगीच्या औषधांपेक्षा कमी घातक. मद्य किंवा अफूवर्गीय वेदनाशामक सोबत असेल तर ही सुरक्षितता राहत नाही, श्वास मंदावतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये याबाबत सर्वांत कडक दर्जाचा इशारा दिला.

मिडाझोलामची रचना विशेष आहे. आम्ल द्रावणात त्याच्या रेणूतील एक वलय उघडते आणि ते पाण्यात विरघळते. रक्तात शिरताच वलय मिटते आणि औषध मेदविद्राव्य (चरबीत विरघळणारे) होऊन मेंदूत झपाट्याने पोचते. डायझेपामच्या इंजेक्शनाला प्रॉपिलीन ग्लायकोलसारखा द्रावक लागे, त्यामुळे शीर जळजळे व सुजे. तो त्रास मिडाझोलामने संपविला. डायझेपामचे अर्धायुष्य (रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास लागणारा वेळ) २० ते ५० तास आणि शरीरात त्यापासून बनणारा क्रियाशील पदार्थ त्याहूनही रेंगाळतो. मिडाझोलामचे मात्र दोन-तीन तासच. पपनसाच्या कुळातील ग्रेपफ्रूटचा रस, एरिथ्रोमायसिन वा क्लॅरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके आणि बुरशीवरील कीटोकोनाझोल यांमुळे यकृतातील ही औषधे मोडणारे विकर (एन्झाइम) अडते व मिडाझोलाम, ट्रायझोलाम अपेक्षेपेक्षा जास्त चढतात. दातातील पुवासाठी आधीच प्रतिजैविक चालू असणे नेहमीचे, म्हणून ही गोष्ट दंतवैद्याने विचारायलाच हवी. फ्लुमाझेनिल हा उतारा आहे; पण त्याचा प्रभाव तासाभरात ओसरतो आणि गुंगी परत येऊ शकते.

वापर : ब्रिटिश प्रथेत प्रौढाला डायझेपाम ५ मिग्रॅ. आदल्या रात्री, ५ सकाळी उठल्यावर आणि ५ उपचाराच्या दोन तास आधी देतात. आदल्या रात्रीची मात्रा महत्त्वाची, कारण धास्ती खुर्चीत नव्हे, अंथरुणात सुरू होते. वृद्धांना मात्रा निम्मी वा कमी. संमतीची सही गोळीपूर्वीच घ्यावी लागते. गुंगीतल्या सहीला अर्थ नाही. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावतात. परिणाम डोळ्यांना दिसतो : खुर्चीचे हात आवळून पांढरी पडलेली बोटांची पेरे सैल होतात, खांदे खाली येतात, पापण्या जडावतात, शब्द ओढल्यासारखे होतात. रुग्ण तोंड उघडे ठेवायचे विसरतो, म्हणून दाढांमध्ये रबरी ठोकळा ठेवावा लागतो. घरी नेण्यास जबाबदार प्रौढ माणूस लागतो. त्या दिवशी वाहन चालवू नये, हे सर्वत्र सांगितले जाते. आपल्याकडे दुचाकीच्या मागेही बसू नये, हे आवर्जून सांगितले पाहिजे. झोपेत श्वास अडकण्याचा विकार, मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू दुबळे करणारा विकार), फुप्फुसांचा वा यकृताचा गंभीर आजार आणि गर्भारपण असेल तर ही औषधे टाळतात. लहान मुलांत आणि वृद्धांत क्वचित उलटा परिणाम होऊन चिडचिड व आदळआपट होते.

मर्यादा : या औषधांनी ती घेतल्यानंतरच्या घटनांची स्मृती पुसट होते. ‘कधी काढली दाढ?’ असे रुग्ण विचारतो तेव्हा सर्वांनाच हायसे वाटते. पण भीती ओसरते ती ‘बसलो, झाले, निभावले’ हे लक्षात राहिल्याने. ती आठवणच गोळी नेते. थोम, सार्टोरी आणि योरेन या संशोधकांच्या २००० मधील तुलनेत दातांच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ५० दंतभयग्रस्तांपैकी काहींना एका बैठकीचा मानसोपचार, काहींना मिडाझोलाम दिले आणि काहींना काहीच दिले नाही. त्या दिवशी दोन्ही उपायांनी चिंता कमी झाली. पुढे दंतोपचार चालू ठेवणाऱ्यांचे प्रमाण मात्र मानसोपचाराच्या गटात ७० टक्के, औषधाच्या गटात २० टक्के आणि उपायाविना १० टक्के होते. गट लहान असला तरी फरक ठळक आहे. सुजलेल्या गालाने आलेल्याला आज गोळी द्यावी यात गैर काही नाही. तिच्यावरच थांबणे मात्र रुग्णावर अन्याय करणारे आहे. भीतीला थोडे थोडे सामोरे नेणे आणि हात वर केला की काम थांबेल असा शब्द देऊन तो पाळणे, हे उपाय सावकाश चालतात, पण टिकतात.

भारतातील स्थिती : डायझेपाम ‘काम्पोज’ या व्यापारी नावाने इतके रुळले की मराठी बोलण्यात तो शब्द झोपेच्या गोळीचाच पर्याय झाला. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पाकिटातली अर्धी गोळी ‘दाढ काढायची आहे’ म्हणून देण्याची सवय त्यातूनच आली असावी. मात्रा, इतर औषधे आणि श्वासाचे आजार यांपैकी काहीच न पाहता केलेला हा प्रकार धोक्याचा आहे. रोज अल्प्राझोलाम घेणाऱ्याने ते दंतवैद्यापासून लपवू नये, कारण सरावलेल्या शरीरावर नेहमीची मात्रा चालत नाही आणि वाढविलेली मात्रा अंदाजाने देता येत नाही. डायझेपाम, अल्प्राझोलाम व मिडाझोलाम १९८५च्या अंमली पदार्थविषयक कायद्याखाली येतात, तसेच मार्च २०१४ पासून लागू झालेल्या औषध नियमांतील अनुसूची एच-१ मध्येही आहेत. ती चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. विक्रेत्याला चिठ्ठी देणाऱ्याचे व रुग्णाचे नाव, औषध आणि किती विकले ते वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते.