ध्वनितरंगी पेशीविलगन

द्रवात तरंगणाऱ्या पेशी श्राव्यातीत (माणसाला ऐकू न येणाऱ्या, फार उच्च कंप्रतेच्या) ध्वनीच्या साहाय्याने एकत्र आणून द्रवापासून वेगळ्या करण्याचे तंत्र. रक्तपेशी, किण्वनटाकीतील यीस्ट, औषधनिर्मितीसाठी वाढवलेल्या प्राणिपेशी यांना ते लागू पडते. ‘विलगन’ हा शब्द येथे सोयीसाठी घेतला आहे. काटेकोरपणे पाहता ध्वनी काहीच वेगळे करीत नाही, तो फक्त गोळा करतो. पुढचे काम गुरुत्वाकर्षण किंवा द्रवाचा प्रवाह करतो. हा भेद ध्यानात ठेवला, तर या तंत्राचा आरंभ कोणापासून धरावा याविषयीचे मतभेद बरेचसे निवळतात.

कोल्हापूरकडच्या वाचकाला ही गोष्ट गुऱ्हाळावरून चटकन कळावी. काहिलीत उसाचा रस तापू लागला की गुळव्या त्यात भेंडीचा चिकट रस घालतो. रसभर विखुरलेला बारीक गाळ त्यात गुरफटतो, त्याचे पुंजके होऊन फेसाबरोबर वर येतात आणि झाऱ्याने मळी काढून घेतली जाते. (साखर कारखान्याची मळी ती ही नव्हे.) सुटा कण हाती लागत नाही, पुंजका लागतो. पेशीविलगनात भेंडीचे काम तरंग करतो. मात्र द्रवात काही मिसळावे लागत नाही.

तत्त्व : दाबविद्युत् पदार्थाच्या चकतीला उच्च कंप्रतेचा (सेकंदाला पुष्कळ वेळा उलटसुलट होणारा) विद्युत् दाब दिला की ती थरथरते व द्रवात तरंग सोडते. समोरच्या भिंतीवरून परतणारा तरंग मूळ तरंगाला मिळून अप्रगामी, म्हणजे पुढे न सरकता जागीच थरथरणारा, तरंग तयार होतो. तंबोऱ्याच्या तारेला बरोबर मध्यावर हलके बोट टेकवून ती छेडली, तर वरचा षड्ज बोलतो. बोटाखालचा तो न हलणारा बिंदू म्हणजे निस्पंद. द्रवातही असे निस्पंद अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने पडतात. पण येथे निस्पंद दाबाचे, म्हणजे दाब न बदलणाऱ्या जागा, मोजायचे; कणांच्या हालचालीचे निस्पंद त्यांच्या मधोमध येतात. नवशिक्याचा घोळ होतो तो इथेच. पाण्यात ध्वनीचा वेग २०° से. तापमानाला सेकंदाला सुमारे १,४८० मीटर असतो. त्यामुळे २ मेगाहर्ट्झ कंप्रतेला तरंगलांबी ०.७४ मिलिमीटर भरते आणि ०.३७ मिलिमीटर रुंदीच्या वाहिनीत नेमका एक निस्पंद, तोही मध्यरेषेवर, बसतो.

पेशी कोठे जाणार हे तिची घनता आणि संपीड्यता, म्हणजे दाबाखाली आकसण्याचे प्रमाण, यांवर ठरते. तांबडी पेशी रक्तद्रवापेक्षा जड (घनता सुमारे १.१०, रक्तद्रवाची १.०२५) आणि कमी आकसणारी असल्याने निस्पंदाकडे सरकते. मेदाचे थेंब हलके व अधिक आकसणारे, ते उलट प्रस्पंदाकडे, म्हणजे दोन निस्पंदांच्या मधोमध दाब सर्वाधिक बदलतो तेथे, जातात. ध्वनीची प्रेरणा (बल) कणाच्या घनफळाच्या प्रमाणात वाढते, तर द्रवाचा विरोध व्यासाच्या प्रमाणात. म्हणून सरकण्याचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. दुप्पट व्यासाची पेशी चौपट वेगाने सरकते. मोठ्या पेशी लहानांपासून निवडता येतात त्या यामुळेच. जीवाणूंएवढ्या, एखाद-दुसऱ्या मायक्रोमीटरच्या कणांना मात्र ध्वनीमुळे द्रवातच उठणारे भोवरे आपल्याबरोबर फिरवत राहतात आणि ते निस्पंदावर ठरत नाहीत.

या प्रेरणेचे गणित तीन टप्प्यांत घडले. एल. व्ही. किंग यांनी १९३४ मध्ये न आकसणाऱ्या गोलासाठी सूत्र दिले. योसिओका व कावासिमा यांनी १९५५ मध्ये संपीड्यता हिशेबात घेतली. १९६२ मध्ये गोर्कोव यांनी सारे एका वर्चस् फलनात (ज्यावरून कोठल्याही जागची प्रेरणा काढता येते अशा एका सूत्रात) बसवले व आज बहुधा तेच वापरतात. किंग यांचे सूत्र पायाभूत म्हणून उद्धृत होते ते योग्यच. पण पेशींच्या बाबतीत ते अपुरे आहे. तांबड्या पेशीवरील प्रेरणेत घनतेतील फरकापेक्षा संपीड्यतेतील फरकाचा वाटा बराच मोठा असतो, आणि किंग यांच्या सूत्रात नेमका तोच नाही. द्रवाची श्यानता (वाहण्यास होणारा अंतर्गत विरोध) धरून केलेल्या दुरुस्त्या त्यानंतरच्या. अगदी लहान कणांसाठी त्या लागतात.

इतिहास : काही लेखक हा इतिहास ऑगस्ट कुंट यांच्या १८६६ मधील नळीपासून, तर काही त्याहूनही मागे क्लाड्नी यांच्या १७८७ मधील वाळूच्या आकृत्यांपासून सुरू करतात. कुंट यांच्या नळीत हलकी भुकटी ठरावीक अंतरावर ढिगांनी साचते. १८७४ मध्ये कुंट व लेमान यांनी द्रवस्तंभातही असे प्रयोग केले. क्लाड्नी यांची वाळू थरथरणाऱ्या पत्र्यावरची असल्याने तिचा येथे संबंध दूरचाच. कुंट यांचा दावा अधिक सबळ आहे, पण तोही गोळा करण्यापुरता. सजीव पेशींशी गाठ पडली ती प्रथम विध्वंसाच्या रूपाने : वुड व लूमिस यांनी १९२७ मध्ये प्रबळ श्राव्यातीत ध्वनीने तांबड्या पेशी फुटतात असे दाखवले. मेरी डायसन व सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये कोंबडीच्या भ्रूणातील रक्तवाहिन्यांत पेशी अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने पट्टे करून थबकलेल्या पाहिल्या. ध्वनी थांबवताच वाहणे पूर्ववत होई. पेशींपुरता आरंभ येथून धरणे इष्ट वाटते.

प्रत्यक्ष विलगन नंतरचे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ध्वनिगाळणीत संवर्धनटाकीतील पेशी निस्पंदांवर धरून त्यांचे पुंजके केले जात. ध्वनी मधूनमधून बंद केला की पुंजके आपल्या भाराने टाकीत परतत व स्वच्छ द्रव वरून काढता येई. नाव गाळणी असले तरी जाळी नाही, म्हणून ती तुंबतही नाही. पुढे स्वीडनमधील लुंड विद्यापीठात थॉमस लॉरेल व सहकाऱ्यांनी सिलिकनमध्ये कोरलेल्या वाहिन्या वापरल्या. मध्यरेषेवर आलेल्या पेशी मधल्या फाट्याने आणि उरलेला द्रव बाजूच्या फाट्यांनी बाहेर पडतो. शस्त्रक्रियेत गोळा केलेल्या रक्तातून मेदाचे थेंब काढण्यासाठी त्यांनी २००४ च्या सुमारास हेच वापरले. पृष्ठतरंगांवर, म्हणजे घन पदार्थाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या तरंगांवर, चालणारी अमेरिकन उपकरणे याहून नवी. रक्तात फिरणाऱ्या कर्कपेशी (कर्करोगाच्या पेशी) वेगळ्या करण्याचे प्रयोग त्यांवर झाले.

पेशींना अपाय : कोल्हापूरच्या गुजरीतल्या (सराफ बाजारातल्या) सराफाकडे दागिने धुणारे छोटे यंत्रही श्राव्यातीत ध्वनीवरच चालते. त्याची कंप्रता ४० किलोहर्ट्झच्या आसपास असते; पाण्यात सूक्ष्म बुडबुडे उठतात, फुटतात आणि चांदीवरचा मळ निघतो. त्या टाकीत पेशी टिकणार नाहीत. विलगनात कंप्रता मेगाहर्ट्झमध्ये आणि तीव्रता बुडबुडे न होण्याइतकी ठेवतात. खरी डोकेदुखी उष्णतेची असते : चकती तापली की द्रवातील ध्वनीचा वेग बदलतो आणि अनुस्पंदन, म्हणजे कंप्रता व वाहिनीची रुंदी यांचा मेळ, ढळते.

मर्यादा व स्थानिक संदर्भ : कोल्हापुरातील रक्तपेढ्यांत, इतरत्र असतात तशीच, शीत केंद्रोत्सारक (वेगाने फिरवून जड-हलके भाग वेगळे करणारी) यंत्रे आहेत, ३५० मिलिलिटरची पिशवी त्यांत काही मिनिटांत वेगळी होते. मिनिटाला ०.१ मिलिलिटर द्रव नेणाऱ्या एका सूक्ष्मवाहिनीला त्याच पिशवीसाठी सुमारे ५८ तास लागतील. शिवाय रक्ताच्या घनफळात ४० ते ४५ टक्के पेशीच असल्याने मध्यरेषेवर दाटी होते व रक्त पातळ करावे लागते किंवा अनेक वाहिन्या शेजारी-शेजारी जोडाव्या लागतात. थोड्या नमुन्यातून मोजक्या पेशी हव्या असतील, तेथे मात्र हे तंत्र सरस.

दुधाचा विचार वेगळा. दुधातील स्निग्ध गोलिका प्रस्पंदाशी जमून, पुंजके होऊन वर येतात. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ संस्थेत यावर प्रयोग झाले असून त्यांत वाहिन्या नाहीत, मोठी भांडी आहेत. ‘गोकुळ’सारख्या संघांच्या दुग्धशाळांत साय काढण्याचे काम फिरत्या यंत्रांकडेच आहे. त्या यंत्राचे तत्त्व द लाव्हाल यांचे, १८७८ मधील.