बाळदमा : पंप आला, हिशेब जुळला नाही

1955 मध्ये अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजचे जॉर्ज मेसन यांना त्यांच्या दमेकरी मुलीने विचारलं, माझं औषध फवाऱ्याच्या डबीत का मिळत नाही? पुढच्याच वर्षी पहिला पंप, म्हणजे औषध तोंडाने ओढून घ्यायचा इनहेलर, बाजारात आला. मग 1969 मध्ये साल्ब्युटामॉलचा आणि 1972 मध्ये बेक्लोमेथासोन या स्टिरॉइडचा पंप निघाला. साल्ब्युटामॉलचा पंप लागलेली धाप उतरवतो. स्टिरॉइडचा रोज घ्यायचा, म्हणजे सहसा धाप लागतच नाही. गरीब घराच्या खर्चाचा गुंता या दोन पंपांच्या मधे आहे.

भारतात पंप स्वस्त झाला तो 1970 च्या पेटंट कायद्यामुळे. पेटंट औषधावर नाही, ते बनवण्याच्या पद्धतीवरच मिळणार, असं ठरलं, म्हणजे वेगळ्या पद्धतीने तेच औषध इथे बनवता येई; 2005 पर्यंत असंच होतं. आणि मुंबईच्या सिप्लाने सत्तरच्या दशकातच इथे पंप आणले. 2013 च्या किंमत नियंत्रण आदेशाने आवश्यक औषधांच्या सरकारी यादीतल्या औषधांना कमाल किंमतही बांधून दिली.

तरी ओझं राहिलंच. मूल खेळतंय, जेवतंय, मग महिनाअखेरीला आणखी एक पंप कशाला? याला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे, पण रोजंदारीवरच्या घरात हा सरळ हिशेब असतो. त्यात ‘पंपाची सवय लागते’ हा शेजारचा सल्ला. मग पावसाच्या तोंडावर मध्यरात्री छाती घरघरू लागते. रिक्षा, खाजगी दवाखाना, वाफ, आणि दुसऱ्या दिवशी आईचा कामावर खाडा.

सरकारी योजनाही अशाच रात्रीसाठी घडल्या. 2012 ची राजीव गांधी जीवनदायी योजना, 2017 पासून महात्मा फुले यांच्या नावाची, मुळात भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. बाळदमा बहुतेक काळ ओपीडीत, म्हणजे भरती न होता, राहणारा आजार. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, पण मुंबईत गरिबाचा आधार असलेली महापालिकेची रुग्णालयं त्यात नव्हती.

हैदराबादला मृगाच्या सुमारास बथिनी घराण्याकडून जिवंत माशातून दम्याचं औषध गिळायला महाराष्ट्रातूनही लोक जातात. त्याला वैद्यकीय आधार नाही. मात्र ते फुकट मिळतं आणि वर्षातून एकदाच घ्यायचं असतं. दर महिन्याला पंप आणायला सांगणाऱ्या डॉक्टरांनी याचा विचार करायला हवा.

औषध मिळालं तरी हवा तीच. मुंबईत प्रकल्पग्रस्तांना तेलशुद्धीकरण कारखान्यांना लागून माहुलच्या इमारतींत बसवलं गेलं. तिथल्या हवेने आरोग्याला धोका असल्याचं राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्येच म्हटलं होतं. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा कुटुंबांना दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा 15,000 रुपये भाडं आणि 45,000 रुपये अनामत द्यायला सांगितलं.