हौशी रोबोटिक्स

नोकरी, पदवी किंवा विक्री यांपैकी काहीही डोळ्यांसमोर न ठेवता, निव्वळ हौसेपोटी घरी रोबो बांधायचा आणि तो चार समछंदी लोकांत नेऊन चालवून दाखवायचा, असा हा छंद. व्याख्येतला दुसरा भाग अनेकदा गाळला जातो. पण हौशी नाटकाला जसा प्रेक्षक लागतो, तसा या छंदाला क्लब लागतो. घरी चाललेला रोबो खरोखर चालतो की नाही, हे तो परक्या फरशीवर ठेवल्याशिवाय कळत नाही.

‘रोबॉट’ हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर पसरला. त्यामागच्या ‘रोबोटा’ या चेक शब्दाचा अर्थ वेठबिगारी. मराठीत ‘यंत्रमानव’ रूढ झाला, तरी रोबो बांधणारी मंडळी तो क्वचितच उच्चारतात, आणि ते बरोबरच आहे. त्यांच्या टेबलावरच्या यंत्रात मानवासारखे काही नसते. दोन मोटारी, दोन चाके, पुढे टेकूला एक कॅस्टर, म्हणजे कुठेही वळणारे छोटे चाक, वर बॅटरी आणि सर्किट बोर्ड, एवढाच बहुतेकांचा पहिला रोबो. रिमोटवर चालणारी गाडी मात्र या मंडळींत रोबो धरली जात नाही. यंत्राने भोवताल स्वतः जाणला पाहिजे आणि काय करायचे ते स्वतः ठरवले पाहिजे.

या छंदाचा मूळपुरुष म्हणायचा तर तो इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा मेंदूशास्त्रज्ञ विल्यम ग्रे वॉल्टर. १९४८-४९ च्या सुमारास त्याने एल्मर आणि एल्सी नावाची दोन यांत्रिक कासवे बनवली. प्रत्येकात निर्वात नलिका, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्या, दोनच. कासवाच्या दोन मज्जापेशी म्हणजे याच नळ्या. उजेड दिसला की तिकडे जायचे, धडकले की वळून वाट काढायची आणि बॅटरी उतरली की दिवा लावलेल्या खुराड्यात चार्जिंगसाठी परतायचे. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीतून निघालेले वागणे पाहणाऱ्याला जिवंत वाटे. कमी भागांतून जास्त वागणूक काढण्याची ही ओढ हौशी मंडळींनी आजतागायत सोडलेली नाही. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या रॉडनी ब्रुक्स यांनी तोच विचार नेटका मांडला: आधी जगाचा नकाशा, मग विचार, मग कृती, अशी लांब साखळी नको, ‘धडकू नको’, ‘भटक’, ‘उजेड शोध’ असे साधे वर्तनाचे थर एकावर एक चढवा. मोजक्याच मेमरीत काम भागवणाऱ्या छांदिष्टांना ही पद्धत फार मानवली.

क्लब आले ते मायक्रोप्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू असलेली चिप, सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागल्यावर. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियात मेनलो पार्कच्या एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक भरली. घरी बनवलेले यंत्र घेऊन यायचे, उघडून दाखवायचे आणि जमले ते सांगून टाकायचे, हा तिथला रिवाज रोबोवाल्यांनी जसाच्या तसा उचलला. सिलिकॉन व्हॅलीतला होमब्रू रोबोटिक्स क्लब आजही ते नाव चालवतो. सिएटल रोबोटिक्स सोसायटी १९८२ ची, डॅलस पर्सनल रोबोटिक्स ग्रुप १९८४ चा. १९८२ मध्येच हीथकिट कंपनीने हीरो-१ हा घरी जोडायचा रोबो बाजारात आणला. १९९८ मध्ये लेगोचा माइंडस्टॉर्म्स हा रोबो जोडायचा संच आला, २००५ मध्ये इटलीतल्या इव्हरेया गावी आर्डुइनो हा सहज प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड जन्मला, आणि त्यानंतर शाळकरी मुलालाही हे जमण्याजोगे झाले.

क्लबच्या टेबलावर काय होते

महिन्यातला एक ठरलेला दिवस, एखाद्या शाळेचा किंवा वाचनालयाचा हॉल, मधोमध लांब टेबल आणि त्यावर ज्याचा त्याचा रोबो. बैठकीचा गाभा एवढाच. एकेकाने आपले यंत्र जमिनीवर सोडायचे आणि काय केले, काय अडले ते सांगायचे. व्याख्यान असलेच तर ते दुय्यम.

उदाहरण म्हणून सगळ्यांत साधा रोबो घेऊ: पांढऱ्या पृष्ठभागावरची काळी पट्टी धरून चालणारा लाइन फॉलोअर. त्याच्या पोटाखाली इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश देणारा एलईडी आणि शेजारी तो प्रकाश टिपणारा सेन्सर, अशा दोन किंवा अधिक जोड्या असतात. पांढऱ्यावरून प्रकाश परततो, काळ्यावर तो शोषला जातो. डावा सेन्सर काळ्यावर आला तर डावीकडे वळ, उजवा आला तर उजवीकडे. घरी, ट्यूबलाइटखाली, हा रोबो सबंध संध्याकाळ न चुकता फेऱ्या मारतो. क्लबात मात्र खिडकीतून आलेल्या उन्हाच्या चौकोनात शिरताच तो वेड्यासारखा भरकटतो, कारण उन्हातही भरपूर इन्फ्रारेड असते आणि सेन्सरला आता काळेही पांढरेच दिसते. बांधणारा प्रोग्राम तपासत बसतो. समोरचा जुना गडी वाकून रोबोवर हाताची सावली धरतो आणि रोबो पुन्हा पट्टीवर येतो. मग उपाय निघतात: सेन्सरभोवती काळ्या पुठ्ठ्याची झालर लावायची, किंवा एलईडी बंद ठेवून एकदा आणि चालू करून एकदा मोजायचे आणि दुसऱ्यातून पहिले वजा करायचे.

बॅटरीचा घोळ याहूनही ठरलेला. नवख्याच्या रोबोवर हमखास नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. तिच्या अंगी मोटारीला पुरवण्याएवढा करंट नसतो. मोटार सुरू होताना क्षणभर खूप जास्त करंट ओढते, व्होल्टेज कोसळते, बोर्ड रिसेट होतो, पुन्हा सुरू होऊन पुन्हा मोटार चालवू पाहतो, पुन्हा कोसळतो. रोबो जागच्या जागी उचकी लागल्यासारखा हिसके देत राहतो. ज्याने हे एकदा भोगले आहे तो हिसका बघूनच निदान करतो: पेन्सिल सेलचा पॅक लाव, मोटारींना वेगळा पुरवठा दे, पण दोन्हींची ग्राउंड, म्हणजे ऋण बाजूच्या तारा, एकत्र जोड. हे सारे लिहिलेले कुठेही सापडते. पण आपल्या यंत्राची उचकी म्हणजे तेच, हे ओळखायला ती आधी पाहिलेला माणूस शेजारी असावा लागतो.

चार मीटरचा चौरस

लाइन फॉलोअरचा टप्पा ओलांडलेल्यांची खरी कसोटी वेगळीच असते. पट्टी नाही, दिवा नाही. फक्त चाके किती फिरली हे मोजून आपण कुठे आहोत ते ठरवायचे. याला ओडोमेट्री म्हणतात. तिची परीक्षा मिशिगन विद्यापीठातल्या योहान बोरेनस्टाइन आणि लीचिआंग फेंग यांनी १९९० च्या दशकात घालून दिली, आणि रोबो बांधणाऱ्या छांदिष्टांनीही ती आपलीशी केली. रोबोने चार मीटर बाजूच्या चौरसाला फेरी घालून निघाल्या जागी परतायचे. पाच वेळा घड्याळाच्या दिशेने, पाच वेळा उलट. प्रत्येक वेळी तो कुठे थांबला तिथे खूण करायची.

उलट फेऱ्या कशाला, असा प्रश्न नव्याला पडतोच. इथेच या कसोटीचे सौंदर्य आहे. चुका दोन प्रकारच्या. दोन चाकांमधले अंतर चुकीचे धरले असेल, तर रोबो प्रत्येक कोपऱ्यावर नव्वद अंशांपेक्षा जास्त किंवा कमी वळतो. चाकांचे व्यास समान नसतील, तर सरळ जाताना तो कायम एकाच अंगाला झुकतो. हे झुकणे लहान समजू नये. ६५ मिलिमीटरच्या चाकात एक टक्का, म्हणजे पाऊण मिलिमीटरहूनही कमी फरक असला, तरी चाकांमध्ये १५ सेंटिमीटर अंतर असलेला रोबो चार मीटर जाईपर्यंत साधारण १५ अंश फिरलेला असतो. आता समजा, तो डावीकडे झुकतो आणि कोपऱ्यावर जरा जास्त वळतो. घड्याळाच्या दिशेने, म्हणजे उजवीकडे वळत जाताना, या दोन चुका एकमेकींना झाकतात आणि रोबो बरोबर घरी येतो. बघणारे टाळ्या वाजवतात. उलट फेरीत त्याच दोन चुका हातात हात घालून वाढतात आणि तो कुठल्या कुठे जाऊन थांबतो. खुणांचे दोन पुंजके जमिनीवर उमटले की त्यांच्या मध्यबिंदूंवरून दोन्ही चुका वेगवेगळ्या काढून प्रोग्राममध्ये दुरुस्त करता येतात.

एवढी मोठी मोकळी फरशी फ्लॅटमध्ये मिळत नाही. क्लब लागतो तो असल्या अगदी जमिनीवरच्या कारणासाठीही.

क्लबांच्या स्पर्धा बहुधा अशाच अडचणींतून बेतलेल्या असतात. डॅलसच्या क्लबची ‘क्विक-ट्रिप’ म्हणजे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन परत येणे, आणि ‘कॅन-कॅन’ म्हणजे मैदानात विखुरलेले शीतपेयांचे रिकामे डबे गोळा करून आणणे. अमेरिकेतच हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात १९९४ पासून घराच्या खोल्यांसारख्या चक्रव्यूहात पेटती मेणबत्ती शोधून विझवण्याची स्पर्धा सुरू झाली. एकमेकांना ठोकरून मोडणारे लढाऊ रोबो बहुतेक रिमोटवर चालतात. तो वेगळा खेळ आणि त्याची मंडळीही वेगळी.

महाराष्ट्रात

इथे हा छंद मुख्यतः अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आधाराने वाढला. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली ही सुट्या भागांसाठी पायपीट करण्याची ठिकाणे. दुकानात ‘बीओ मोटर’ म्हटले की पिवळ्या प्लास्टिकच्या गिअरबॉक्सची स्वस्त मोटार काउंटरवर येते. आयआयटी मुंबईच्या ‘ई-यंत्र’ प्रकल्पाने देशभरच्या महाविद्यालयांत रोबोटिक्सच्या प्रयोगशाळा उभ्या करायला मदत केली. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाची (एबीयू) विद्यापीठांसाठीची रोबोकॉन स्पर्धा २००८ मध्ये पुण्यात झाली, आणि त्या वर्षीचा खेळ गोविंदा आणि दहीहंडीवर बेतलेला होता. थर लावून हंडी गाठण्याची कल्पना परदेशी विद्यार्थ्यांच्या यंत्रांनाही पेलावी लागली.

उणीव आहे ती एकच, पण मोठी. कॉलेजचा क्लब स्पर्धेच्या तारखेवर जगतो आणि चौथ्या वर्षानंतर त्यातला जाणता माणूस निघून जातो. पुढच्या तुकडीला नऊ व्होल्टच्या बॅटरीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. सिएटल-डॅलसच्या क्लबांत एका टेबलाशी बारा वर्षांची मुलगी आणि कारखान्यातून निवृत्त झालेला गृहस्थ शेजारी बसू शकतात. आपल्याकडे रेडिओ दुरुस्त केलेले, लेथ चालवलेले, मोटारी गुंडाळलेले हात गावोगाव आहेत. कमी-जास्त व्यासाची चाके त्यांच्याइतकी पटकन दुसरे कोण ओळखणार? त्यांना आणि शाळकरी पोरांना एकत्र आणणारा क्लब काढायचा तर लागते फार थोडे: चार मीटरच्या चौरसाला पुरेल एवढी सपाट फरशी, विजेचा एक बोर्ड, काळ्या इन्सुलेशन टेपचे रीळ आणि महिन्यातला एक न चुकणारा रविवार.