मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क

आपल्या किंवा दुसऱ्याच्या घरात, दुकानात, शेतात घुसणाऱ्याला, चोरी वा नासधूस करणाऱ्याला स्वतःच्या बळावर रोखण्याची कायद्याने दिलेली मुभा. पूर्वी ती भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे.

हा हक्क रोखण्याचा आहे, अद्दल घडवण्याचा नाही. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तो मिळत नाही आणि गरजेपेक्षा जास्त इजा केलेली चालत नाही (कलम ३७). मात्र अचानक संकटात सापडलेल्याचा प्रत्येक फटका सोन्याच्या काट्यावर तोलायचा नसतो, हेही सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे.

जीव घेण्यापर्यंत जाण्याची मुभा मोजक्याच प्रसंगी आहे: जबरी चोरी, सूर्यास्तानंतरची घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवायच्या इमारतीला आग लावणे, आणि ज्यातून मृत्यूची वा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी अशी चोरी, नासधूस किंवा घरातली घुसखोरी (कलम ४१). सोलापुरात मध्यरात्री कुलूप तोडून चादरींच्या गोदामात कोणी शिरला तर ती घरफोडी. सांगोल्याच्या बागेत त्याच वेळी डाळिंबे तोडणारा चोरच, पण बाग ही इमारत नव्हे. जिवाची भीती नसेल तर त्याला मृत्यूखेरीज इतर आवश्यक इजाच करता येते. क्रेट घेऊन पळाला तर पाठलाग करावा, माल सोडवावा. माल हाती आल्यावर खांबाला बांधून बडवणे हा मारणाऱ्याचा गुन्हा. पकडलेल्याला विनाकारण उशीर न लावता आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते.

कुंपणात करंट सोडण्याचा प्रश्न सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने नीट समजून घ्यावा असा आहे. बिहारमधल्या एका घरमालकाने परक्यांनी आपले शौचकूप वापरू नये म्हणून वाटेवर विजेची उघडी तार लावली आणि शेजारची बाई दगावली. घुसणारा माणूस कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये मालकाची शिक्षा कायम ठेवली. तारेला रानडुक्कर आणि माणूस यांतला फरक कळत नाही.

भीती रास्त हवी, नुसता संशय पुरत नाही. सोलापूरला हे जास्त लागू आहे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली येथे जन्माने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्यांची वसाहत होती. कायदा १९५२ मध्ये गेला, ‘सेटलमेंट’ हे नाव शहरात अजून आहे. अनोळखी माणूस अमुक जमातीचा दिसतो, एवढ्यावर कोणाला हात लावता येत नाही.

जमिनीच्या भांडणात नावापेक्षा ताबा पाहतात. सातबारा आपला, पण शेत दुसरा बऱ्याच काळापासून उघडपणे कसतो आहे, तर त्याला लाठ्यांनी हुसकावणारा मालकच आक्रमक ठरतो. उलट प्रतिकाराचा हक्क कसणाऱ्याकडे जातो (पूरन सिंग खटला, १९७५). मालकाने दिवाणी दावा लावायचा. ज्याला बेकायदा हुसकावले, त्याला मालकीचा वाद न काढता सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो.

बचाव केला हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते. मात्र ते संशयातीत सिद्ध करावे लागत नाही, शक्यतेचे पारडे त्याच्या बाजूला झुकले तरी पुरते.