वायरलेस सेटची प्रोग्रॅमिंग केबल आली कुठून?

वारीचा बंदोबस्त असो की सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, सोलापूर जिल्ह्याला वायरलेस सेट नवा नाही. पण त्याचे चॅनल कॉम्प्युटरवरून भरायची सोय बरीच उशिरा आली. जुन्या सेटमध्ये दर चॅनलला दोन क्रिस्टल (फ्रिक्वेन्सी ठरवणारे स्फटिक) लागत, एक पाठवायला, एक ऐकायला. फ्रिक्वेन्सी बदलायची तर क्रिस्टल कापून मागवायचा, बसवायचा आणि ट्रिमर (बारीक जुळवणीचा स्क्रू) फिरवून फ्रिक्वेन्सी जागेवर आणायची. पुढे एकाच क्रिस्टलवरून हव्या त्या फ्रिक्वेन्सी तयार करणारा सिंथेसायझर आला, चॅनल ईईप्रॉम नावाच्या मेमरी चिपमध्ये गेले, ते कॉम्प्युटरवरून केबलने भरता येऊ लागले आणि सेट उघडायचं कारणच उरलं नाही.

घोळ सुरू झाला तो व्होल्टेजचा. कॉम्प्युटरचा सिरियल पोर्ट १९६० सालच्या आरएस-२३२ मानकावर चालतो: ‘१’ म्हणजे उणे ३ ते १५ व्होल्ट, ‘०’ म्हणजे अधिक ३ ते १५. सेटमधल्या चिपला कळतात ० आणि ५ व्होल्ट (काहींत ३.३), तेही उलट अर्थाने. म्हणून थेट तार जोडली तर डेटा जात नाहीच, सेटची पिनही जळू शकते. मोटोरोलाने मध्ये ठेवायला ‘रिब’ नावाची वेगळी पेटीच दिली होती. त्या काळातले डॉसवरचे (विंडोजआधीच्या प्रणालीवरचे) चॅनल भरायचे प्रोग्रॅम वेगवान कॉम्प्युटरवर चालवले की त्यांचं टायमिंग बिघडे आणि सेट कायमचा मुका व्हायचा धोका असे.

१९८७ मध्ये हे व्होल्टेज बदलून देणारी मॅक्स२३२ चिप आली आणि पेटीचं काम एका चिपवर आलं. पाच व्होल्ट आणि १ मायक्रोफॅरडचे चार कपॅसिटर पुरतात. नऊ पिनी कनेक्टरची ३ नंबरची पिन चिपच्या १३ वर, १२ मधून सेटच्या आरएक्सला (डेटा घेणाऱ्या पिनला). सेटचा टीएक्स (डेटा पाठवणारी पिन) ११ वर, १४ मधून कनेक्टरच्या २ ला. कनेक्टरची ५, चिपची १५ आणि सेटचा ग्राउंड एकत्र. आयकॉमसारख्या एकाच डेटा तारेच्या सेटला ११ थेट तारेवर जोडावी, १२ वर १एन४१४८ डायोड घालावा (डायोडवरची पट्टी चिपकडे) आणि तारेला १० किलोओहमने पाच व्होल्टवर ओढून धरावं.

स्वस्त केबल मात्र चिपची वीज सिरियल पोर्टच्या आरटीएस-डीटीआर या इशाऱ्याच्या पिनांमधून चोरत. जुन्या डेस्कटॉपवर ते खपे. पण यूएसबीला सिरियल पोर्ट जोडून देणारा कन्व्हर्टर त्या पिनांवर बरेचदा जेमतेम पाच-सहा व्होल्टच देतो, मग केबल मरते आणि दोष सेटवर येतो.

आता कन्व्हर्टर केबलमध्येच असतो. त्यातली पीएल२३०३ ही कन्व्हर्टरची चिप नकली निघाली की नवा ड्रायव्हर तिला नाकारतो, विंडोज ‘कोड १०’ दाखवतं. आधी केबलच्या सेटकडच्या टोकाला टीएक्स-आरएक्स एकमेकांना जोडून टर्मिनल प्रोग्रॅममध्ये (पोर्टवर थेट अक्षरं पाठवणाऱ्या) टाइप करून पाहावं. अक्षरं परत आली तर केबल ठीक. तरीही सेट गप्प असेल तर प्लग पाहा: बाओफेंगसारख्या दोन-पिनी सेटमध्ये तो मिलिमीटरभर बाहेर राहतो, तेव्हा भोवतालचं प्लास्टिक ब्लेडने तासावं.

फ्रिक्वेन्सी परवान्यात असेल तीच भरावी. आणि सेटमध्ये नवं लिहिण्याआधी त्यातलं आधीचं सगळं एकदा ‘रीड’ करून ती फाइल वेगळी ठेवावी.