ईमा सुमाकच्या गळ्यातले सांधे

पेरूची गायिका ईमा सुमाक (१९२२–२००८) हिचं नाव निघालं की ‘पाच सप्तकांचा आवाज’ हा उल्लेख ठरलेलाच. १९५० साली कॅपिटॉल कंपनीनं लेस बॅक्स्टरच्या वाद्यवृंदासह तिचा अल्बम काढला. इंका राजघराण्याची वंशज, पाखरांकडून गाणं शिकलेली मुलगी अशी तिची जाहिरात झाली. ती झगमग कधीच विरली, पण आवाजाची ओढ टिकून आहे. या ओढीचं कारण सप्तकांच्या आकड्यात शोधू नये. ते तिच्या स्वरयंत्रात दडलं आहे.

आधी आकडा पाहू. ‘चुंचो’ या गाण्याच्या एका मैफलीतल्या ध्वनिमुद्रणात ती सुमारे १२३ हर्ट्झपासून (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) ३,३०० हर्ट्झपर्यंत जाते, असं सांगितलं जातं. एक सप्तक वर जाणं म्हणजे वारंवारता दुप्पट होणं. म्हणजे ही झेप २७ पटींची, पावणेपाच सप्तकांची. साधी पेटी असते तीन-साडेतीन सप्तकांची, आणि आपल्याकडची मैफल सहसा तीन सप्तकांत आटोपते.

आता हे २७ पट गळ्याला कसं जमावं? तारेची लांबी तीच ठेवून स्वर एक सप्तक चढवायचा तर ताण चौपट लागतो. २७ पटींसाठी तो सातशे पटींहून जास्त लागेल. स्त्रीचे स्वरतंतू जेमतेम एक ते दीड सेंटिमीटरचे, आणि ताणले की ते लांबही होतात. म्हणजे गणित आणखी बिघडतं. तंतूंमधले कोलॅजेन या प्रथिनाचे धागे ताणाबरोबर झपाट्यानं ताठ होतात, त्याची थोडी मदत होते. तरी एकाच पद्धतीनं ताणत राहून एवढा पल्ला कुणालाच गाठता येत नाही. स्वरयंत्राला कंपनाची पद्धतच बदलावी लागते.

खर्जात तंतू आखूड, जाड आणि सैल असतात आणि त्यांची पूर्ण जाडी हलते. साधारण ३०० ते ४०० हर्ट्झच्या आसपास पहिला सांधा, म्हणजे कंपनाची पद्धत बदलण्याची जागा, येतो. तिथून पुढे तंतू लांब आणि पातळ होतात आणि मुख्यतः त्यांच्या कडाच थरथरतात. दुसरा सांधा १,००० हर्ट्झच्या सुमारास लागतो, आणि त्यापलीकडे शिट्टीसारखा स्वर सुरू होतो. तो हवेच्या झोताची नुसती शीळ असावी अशी शंका बराच काळ होती. पुढे अतिवेगवान कॅमेऱ्यानं एका सोप्रानो (सर्वांत उंच आवाजाच्या) गायिकेचं स्वरयंत्र टिपलं, तेव्हा १,५६८ हर्ट्झलाही तंतू दर आवर्तनात मिटताना दिसले.

बहुतेक गायकीत हे सांधे बुजवण्यासाठी वर्षानुवर्षं रियाज करतात. सुमाक ते उघडे ठेवते. खालची गुरगुर, मधला भरदार आवाज आणि वरची पाखरी लकेर काही क्षणांच्या अंतरानं येतात आणि प्रत्येक वेळी आवाजाचा पोत पार बदलतो. बोलणारा किंवा गाणारा केवढा असेल याचा अंदाज आपले कान स्वराच्या उंचीवरून आणि मुख-घशाच्या पोकळीतल्या अनुनादावरून बांधतात. स्वरयंत्र खाली ओढलं की ही पोकळी लांबते आणि आवाज मोठ्या देहाचा वाटतो. वर उचललं की लहानशा जिवाचा. त्यामुळे एकाच बाईच्या गळ्यातून दोन-तीन वेगळे प्राणी ऐकू येतात. माझ्या मते तिची खरी मोहिनी हीच.

वरच्या टोकाला शब्द का नाहीत, हेही यातूनच कळतं. ‘ई’ आणि ‘आ’ यांतला फरक मुख्यतः मुखाच्या पहिल्या दोन अनुनादांवर ठरतो. त्यातला पहिला ‘ई’साठी ३०० हर्ट्झच्या जवळपास असतो, ‘आ’साठी ७००–८०० हर्ट्झ. मूळ स्वरच हजाराच्या वर गेला की ‘ई’, ‘आ’, ‘ऊ’ सगळे सारखेच ऐकू येतात. तिथे शब्द घातले तरी ते कळणार नाहीत.

तिचा पल्ला स्वतः मोजून पाहायचा असेल तर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. ट्रॅक उघडून स्पेक्ट्रोग्राम दृश्य निवडा. त्यात आवाजातल्या वारंवारता वेळेनुसार रेघांनी दिसतात. एकाच स्वराच्या अनेक रेघा असतात: सगळ्यात खालची मूळ स्वराची, वरच्या त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींच्या. सगळ्यात ठळक रेघ हाच मूळ स्वर, असं धरून चालणं ही नेहमीची चूक. गुरगुरीत दुसरी किंवा तिसरी रेघ जास्त ठळक असू शकते आणि मोजणी अख्ख्या सप्तकानं किंवा त्याहूनही जास्त चुकते. लागोपाठच्या रेघांमधलं अंतर मोजा. ते १२३ आलं तर मूळ स्वर १२३.

विंडो साइज, म्हणजे एका वेळी आवाजाचा किती मोठा तुकडा मोजायचा ते, हेही जपून निवडा. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या ध्वनिमुद्रणाला ४,०९६ नमुन्यांची विंडो घेतली तर वारंवारतेच्या दोन बिंदूंत सुमारे ११ हर्ट्झचं अंतर पडतं. १२३ हर्ट्झजवळ पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत फरक असतो सातेक हर्ट्झचाच, म्हणून तिथे ८,१९२ किंवा त्याहून मोठी घ्या. पण तीच विंडो वरच्या जलद लकेरीला लावू नका. ८,१९२च्या विंडोचा कालखंड १८६ मिलिसेकंदांचा आहे, आणि लकेरीतला एकेक स्वर त्याच्या आतच संपतो. मग आलटून-पालटून आलेले दोन स्वर पडद्यावर एकाच वेळी दोन समांतर रेघा म्हणून उमटतात आणि तिनं दोन स्वर एकदम लावले असा भास होतो. तिथे १,०२४ ठीक. जुन्या तबकडीवरून घेतलेला ट्रॅक असेल तर वेगही तपासा. तबकडी ६ टक्के जलद फिरली की अख्खी एक पट्टी चढते.

वरचा स्वर स्वतः लावून पाहणारे बहुतेक जण श्वासाचा दाब वाढवतात, आणि नेमकं तिथेच बिघडतं. त्या स्वराला हवा अगदी थोडी लागते. जोर लावला की तंतू सेकंदाला हजार वेळा एकमेकांवर आपटतात, सुजतात, पुढे त्यांवर गाठी येऊ शकतात. घसा दुखला तर लगेच थांबा. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्या.